पत्रा गाडीचाच होता

आमच्या घरात बाईसाहेब एकच, आणि ती मी नव्हे. बाईसाहेब म्हणजे माझ्या सासऱ्यांची जुनी मोटार, माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीची. फुगीर बोनेट, गोल दिवे, दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज. तिचं मूळ इंजिन शेवटी धापा टाकायला लागलं, पार्ट मिळेनासे झाले, तेव्हा सासऱ्यांनी नाइलाजाने तिला आमच्या हवाली केलं. आमचं गॅरेज हेच काम करतं. जुन्या गाड्यांमध्ये आजकालच्या गाड्यांची इंजिनं बसवायची. इंजिन नवरा बसवतो, वायरिंग मी करते. एकमेकांच्या कामात आम्ही नाक खुपसत नाही, म्हणून संसार टिकून आहे.

काम चालू असताना सासरे रोज स्टूल टाकून बसायचे आणि प्रत्येक स्क्रूची उलटतपासणी घ्यायचे. "हा आपला. हा आपला नाही. हा कुठून आणलास?" बाईसाहेबांच्या अंगावरचा नट न् नट त्यांना तोंडपाठ. मी एकदा वैतागून विचारलं, "बाबा, तुम्हाला माझं नाव तरी आठवतं का?" तर म्हणाले, "तू कधी रस्त्यात बंद पडली नाहीस ना, म्हणून लक्षात राहिलं नाही."

आमच्या गॅरेजात एक नियम आहे. काम अर्धवट सोडून जायचं असेल, तर गाडीची काढलेली वस्तू ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायची. ती उचलल्याशिवाय कुणाला गाडीत बसता येत नाही, आणि उचलणारा आपोआप विचारतो, हे कुठलं? आजवर या नियमाने आम्हाला कधी दगा दिला नव्हता.

त्या दुपारी मी बाईसाहेबांच्या एका सेन्सरची वायर बदलत होते. त्यासाठी हातभर लांबीचा एक वाकवलेला पत्रा काढावा लागला. जुन्या इंजिनचा धूर बाहेर नेणारा पाइप डावीकडून जायचा. नव्या इंजिनचा जातो ड्रायव्हरच्या बाजूने, नेमका ब्रेक ऑइलच्या नळीला खेटून. तो पाइप भट्टीसारखा तापतो, म्हणून नवऱ्याने एका रात्री, सासरे झोपल्यावर, दोघांच्या मध्ये हा पत्रा बसवला होता. वायर जोडून झाली, पण पत्रा धरून ठेवणारी क्लिप तुटली. मी पत्रा सीटवर ठेवला आणि कोपऱ्यावरच्या दुकानात क्लिप आणायला गेले.

तिथे मिळाली नाही म्हणून बाजारभर फिरले आणि दोनेक तासांनी परत आले, तर गॅरेजात गाडीच्या जागी नुसता ऑइलचा डाग.

"गाडी कुठे गेली?" मी ओरडले.

मागच्या खोलीतून वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवत नवरा आला. "बाबा चिंगीला घेऊन तळ्यावर गेलेत. काल मी चालवून पाहिली होती ना, मस्त चालतेय. म्हटलं, जा."

चिंगी आमची मुलगी. नुकते पुढचे दोन दात पडलेले. तळं डोंगरमाथ्यावर, आणि रस्ता सगळा चढाचा. म्हणजे येताना सगळा उताराचा.

मी भिंतीवरच्या हत्यारांच्या फळीकडे पाहिलं. पत्रा तिथे होता. फडक्याने पुसून, भिंतीला टेकवून, व्यवस्थित उभा केलेला. सासऱ्यांनी तो सीटवरून उचलला होता, नीट पाहिला होता, आणि बाजूला ठेवला होता. त्यांना विचारायची गरजच वाटली नसणार. बाईसाहेबांचा नट न् नट ओळखणाऱ्या माणसाला पक्कं माहीत होतं, हा पत्रा आपला नाही.

मी पत्र्याकडे बोट दाखवलं. नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"चढाला पाइप लाल होईल," तो म्हणाला. "ऑइल उकळलं की त्यात बुडबुडे होतात. मग पेडल दाबून काही उपयोग नाही."

"मला शिकवू नकोस! व्हॅन काढ!"

तो व्हॅन चालवत होता आणि मी सासऱ्यांना फोन लावत होते. रिंग पूर्ण वाजायची आणि बंद व्हायची. मला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. घाईघाईत एकदा दुसऱ्याच कुणाला तरी फोन लागला आणि त्या बिचाऱ्यावर मी खेकसले. सासऱ्यांवर राग, नवऱ्यावर राग, त्या तुटक्या क्लिपवर राग. त्या सगळ्या रागाखाली एकच गोष्ट होती. पोरगी पुढच्या सीटवर बसली असणार, हट्ट करून.

डोंगराच्या पायथ्याशी पोचलो आणि फोन उचलला गेला.

"आई! आम्ही बदकं बघितली! आता खाली येतोय."

"छान. चिंगी, फोन स्पीकरवर टाक."

"आजोबा म्हणतात, गाडी चालवताना फोनवर बोलायचं नाही."

"आजोबा नाही बोलणार. मी बोलणार. टाक लवकर, बाळा."

खुडबुड झाली. वाऱ्याचा आवाज आला. मी आवाज जमेल तेवढा साधा ठेवला. "बाबा, गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे?"

"कुठल्याच नाही. उताराला पेट्रोल कशाला जाळायचं?"

नवऱ्याने डोळे क्षणभर मिटून उघडले. म्हणजे गाडी नुसत्या ब्रेकवर उतरत होती.

"बाबा, ब्रेक कसा लागतोय?"

"जरा खोल जातोय. नवीन काम आहे, बसेल हळूहळू."

"नाही बसणार. तुम्ही सीटवरून जो पत्रा उचललात, तो ब्रेकच्या नळीसाठी होता. नळी तापलीय. पेडल अजून खाली जाणार."

"तो आपला नव्हता."

"बाबा, तो पत्रा गाडीचाच होता!"

पलीकडून धप्प, धप्प, धप्प असे आवाज आले, आणि सासऱ्यांचा आवाज, पण मी कधी न ऐकलेला. बारीक, कोरडा.

"सूनबाई, पाय तळाला टेकला."

व्हॅन पहिल्या वळणाला लागली होती. बाजूला खोल दरी, आणि कठड्याचे दगड एकाआड एक पडलेले. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि सारखी तिकडेच बघत राहिले.

"क्लच दाबा," मी म्हणाले. "तिसरा टाका. आता इंजिनच गाडीला धरेल."

करकर आवाज आला. "जात नाहीये!"

"जाईल. थोडा ॲक्सिलरेटर द्या, इंजिनचा वेग चाकांशी जुळू दे आणि मग टाका. द्या, बाबा, घाबरू नका."

उताराला लागलेल्या, ब्रेक नसलेल्या माणसाला मी ॲक्सिलरेटर द्यायला सांगत होते. इंजिन किंचाळलं. खट्कन काहीतरी बसलं.

"गेला."

"आता दुसरा. तसाच. चिंगी, तुझा पट्टा लावलाय ना?"

"हो. आई, आजोबांना घाम आलाय."

"येऊ दे. तू सीटला घट्ट टेकून बस."

दुसरा पडला तेव्हा इंजिनचा आवाज असा झाला की नवऱ्याने ओठ चावला. मी हँडब्रेक सांगितला. त्याला ऑइल लागत नाही, त्याची तार वेगळी. "बटण दाबून ठेवा आणि थोडा थोडा ओढा. एकदम नको, मागची चाकं घसरतील. आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्या. डोंगराच्या, बाबा! घासली तर घासू द्या!"

"घासू?" एवढ्यातही त्यांना ते जड गेलं.

"घासा तिला!"

गाडीच्या अंगाचा पत्रा दगडावरून फाटत जाण्याचा लांबच लांब आवाज आला. चिंगी किंचाळली. फोन बंद पडला.

मी पुन्हा लावला. बंद. पुन्हा लावला. एक वळण आलं, पुढे रस्ता रिकामा. दुसरं आलं, तेही रिकामं. प्रत्येक वळणाआधी मला वाटायचं, हे येऊच नये, आपल्याला असंच न कळलेलं बरं. आणि वळण यायचंच.

मग त्या दिसल्या. बाईसाहेब डोंगराच्या कडेला नाक खुपसून उभ्या होत्या, एका बाजूचा सगळा रंग सोललेला, खालून धूर निघत होता. चिंगी रस्त्याच्या कडेला उभी होती. उभी होती. मी व्हॅन थांबायच्या आत उडी मारली आणि तिला इतकं आवळलं की ती म्हणाली, "आई, दुखतंय."

सासऱ्यांना काय काय सुनवायचं ते मी सगळ्या रस्त्याने जमवून ठेवलं होतं. ते गाडीजवळ थांबलेच नाहीत. ते आमच्या व्हॅनकडे चालत गेले, मागचं दार सरकवलं आणि आत जाऊन बसले. आजवर कुठल्याही गाडीत ते मागे बसले नव्हते. बाईसाहेबांकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

नवरा म्हणाला, "तुम्ही जा खाली. गार झाली की बघतो काय ते." मी व्हॅनच्या स्टिअरिंगवर बसले. चावी लावली आणि आरशातून मागे पाहिलं.

मागे चिंगीने आजोबांचा हात हातात घेतला होता.

"आजोबा, तुमचा हात एवढा का हलतोय?"

"गाडी चालू आहे ना, म्हणून," ते म्हणाले.

मी इंजिन अजून सुरू केलं नव्हतं.