टाकीखालची खोली

जिन्यात बसून लावलेली पैज कधी शहाणपणाची असते का? पण लागली. एका बाजूला टाइलशेठ, म्हणजे तळमजल्यावरच्या फरशीच्या दुकानाचे मालक. आधी पोट यायचं, मग शेठ. दुसऱ्या बाजूला वरच्या मजल्यावरचा प्लंबर, ज्याला अख्खी इमारत नळदादा म्हणायची. तीन बिऱ्हाडं मिळून बेटावर सुट्टीला निघाली होती आणि वाद चालला होता, कुणी कुठे उतरायचं.

"मी पाण्यावरच्या कॉटेजात," शेठ म्हणाले. "पैसा टाकला की सुख मिळतं. तू तुझ्या झोपडीत राहा, डास मारत."

"शेठ, झोप लागली की तुमचं कॉटेज आणि माझी झोपडी सारखीच. उलट तुम्हीच आधी रडाल."

"मी? लावतोस पैज?"

मधल्या मजल्यावरच्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, ना महाग ना स्वस्त असं गेस्टहाऊस ठरवून केव्हाच मोकळ्या झाल्या होत्या. त्यांना पंच केलं. नियम सोपा. बेटावर जो आधी आपल्या खोलीला नावं ठेवेल, तो हरला. हरणाऱ्यानं बदकाची फुगवायची रिंग कमरेला अडकवायची आणि बोटीच्या धक्क्यावरून, भर गर्दीत, "मी चुकलो" असं बोंबलत जायचं. बदक शेठनीच आणलं आणि पंच म्हणून बाईंच्या ताब्यात दिलं. पिवळं, लाल चोचीचं, आणि थोबाड असं की त्याची त्यालाच लाज वाटत होती.

नळदादाची बायको दारातून ऐकत होती. तिला सगळे वहिनी म्हणत. ती एवढंच म्हणाली, "अहो, मला खिडकीतून समुद्र दिसला पाहिजे. बाकी काही नको."

मागणं साधं वाटेल, पण नव्हतं. इमारतीतले सगळे नळ दुरुस्त करणाऱ्याच्या स्वतःच्या घरात मोरीचा नळ टपटपत होता आणि त्या टपटपीत बायकोचं बोलणं वाहून जात होतं. या खेपेलाही माझं ऐकलं नाहीत तर मी भावाकडे जाईन, ती कायमची, असं तिनं नवऱ्याला सांगून टाकलं होतं. तेही आवाज न चढवता. म्हणून तर गडी घाबरला होता.

आणि घाबरून त्यानं जी चूक केली ती फक्त प्लंबरच करू शकतो. फोनवर झोपडीच्या मालकाला विचारलं काय? "टाकी किती उंचावर? पाइप केवढा? प्रेशर कसं?" मालक म्हणाला, टाकी तर डोक्यावरच आहे. नळदादा खूश! खिडकीचं विचारायचं राहूनच गेलं. बेटावर समुद्र जाऊन जाऊन जाणार कुठे?

टाकीच्या मागे गेला होता.

झोपडी टाकीच्या अगदी बुडाशी, तिला खेटून. शेजारी पंप, त्याच्या घरघरीनं कॉटचे पाय थरथरत होते. खिडकी उघडली तर हात लांबवून शिवता येईल असं सिमेंटचं शेवाळलेलं पोट. वहिनी त्या पोटाकडे बघत उभी राहिली. नेमके तेव्हाच शेठ दारात हजर. रिसॉर्टवर सामान टाकून, जरा आडवे होऊन आलेले. मान लालेलाल, दंडावर गांधी उठलेल्या.

"काय नळदादा, कशी आहे खोली?"

वहिनीनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. एक शब्द हवा होता तिला. एकच.

"झकास!" नळदादा ओरडला. पंपापुढे ओरडावंच लागत होतं. "नळाची धार बघा शेठ, नुसती टोचते! तुमची खोली?"

"स्वर्ग," शेठ मान खाजवत म्हणाले आणि गेले.

वहिनीनं बॅग उघडलीच नव्हती. तशीच उचलली. "संध्याकाळच्या बोटीनं निघते."

"अगं, शेठसमोर कसं बोलणार?"

"तेच म्हणतेय. शेठसमोर तुम्हाला हरायचं नाही. माझ्याशी काय, मी घरचीच."

ती गेली. नळदादा पळत सुटला. बोट सुटायच्या आत समुद्रवाली खोली मिळवायची, बस. आधी शेठचं रिसॉर्ट. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "आहे ती खोली आवडली नाही का?"

"छे छे! उत्तम आहे."

"मग बदलताय कशाला?"

"हौस."

हौसेला जागा नव्हती, आणि जागेचं भाडं ऐकून नळदादाच्या तोंडचं पाणी पळालं. मग कोळ्यांची वस्ती. तिथे माडांना बांधलेले झुलेसुद्धा पाहुण्यांनी भरलेले. एका घराशी तो हात जोडून उभा राहिला. "नुसती खिडकी द्या हो."

"खिडकी कशी देणार? भिंतीत आहे ती."

शेवटी बाईंचं गेस्टहाऊस. मालक म्हणाला, "वर एक रिकामी आहे, समुद्र अगदी समोर. पण न्हाणीघर तुंबलंय, म्हणून देत नाही."

तुंबलंय! नळदादाला आनंदानं रडूच कोसळलं. बाह्या सरसावल्या, कोपरापर्यंत हात घातला. तार सारली, ढोसलं, शिव्या घातल्या, विनवण्या केल्या. हटेना. पुन्हा ढोसलं. पाणी उलट वर आलं, अंगभर उडालं. हात काळा झालेला, आणि समोर खिडकीत तो समुद्र, ऐसपैस पसरलेला. कडेला धक्का, धक्क्यावर रांग, रांगेत तिची निळी बॅग.

"दादा," बाई दारात उभ्या होत्या. "ती तिथे निघून चाललीय आणि तुम्ही इथे दुसऱ्याची मोरी उपसताय?"

नळदादाचा हात पाइपातच थांबला. दुसऱ्याचीच होती खरी.

"बाई, बदक कुठंय?"

बदक हातात घेऊन धावला तर खरा, पण धक्क्यावर पोचेतो छातीत हवाच उरली नाही. शेठ तिथे खाजवत वारा खात होते. त्यांच्या हातात बदक कोंबलं. "फुगवा!"

"अरे, पण झालं काय?"

"शेठ, पाया पडतो, फुगवा!"

शेठनी गाल फुगवून फुगवलं. आपण जिंकतोय हेसुद्धा बिचाऱ्यांच्या लक्षात आलं नाही. वहिनी बोटीत बसली होती, धक्क्याकडे पाठ करून. बोटवाल्यानं दोर सोडायला घेतला.

"मी चुकलो!" नळदादा बोंबलला. बदक मांड्यांवर आपटत होतं, लोक वळून हसत होते, कुणी मोबाइल काढले. "खोली भिकार आहे! खिडकीतून सिमेंट दिसतं! हिनं एकच गोष्ट सांगितली होती, तीच मी विचारली नाही! आणि वर झकास म्हणालो! अगं, दुसरी खोली कुठेच मिळत नाहीये. वाळूत झोपावं लागेल!"

"मीही येतो वाळूत!" शेठ एकदम फुटले. "कॉटेजात ढेकूण आहेत रे!"

"शेठ, तुम्ही दुसरे आलात," मागून धापा टाकत आलेल्या बाईंनी निकाल दिला.

बोटीतून आधी निळी बॅग धक्क्यावर येऊन आदळली. मग वहिनी उठून उभी राहिली. डोळे पुसले, कमरेवर हात ठेवले आणि बदकाकडे, काळ्या हाताकडे, नवऱ्याकडे नीट बघून घेतलं.

"मोठ्यानं," ती म्हणाली. "बोटीच्या त्या टोकाला बसलेत ना, त्यांना ऐकू गेलं नाही."

नळदादानं घसरलेलं बदक वर ओढलं आणि पहिल्यापासून सुरू केलं.