मॅन्युअल नक्को

विद्यानगरच्या तिसऱ्या गल्लीत त्या दुपारी जीपच्या अंगात आलं.

निदान जमलेले दीडशे लोक तरी तसंच म्हणत होते. ड्रेनेजसाठी खणलेल्या चरात टेंट हाऊसचा छोटा ट्रक, हैदराबादेत ज्याला सगळे डीसीएम म्हणतात तो, मागची चाकं रुतवून बसला होता. आत बिर्याणीच्या चाळीस रिकाम्या देगा. त्याला ओढायला शिवराज आपली जीप घेऊन आला होता. जीपच्या तोंडाशी विंच, म्हणजे बॅटरीवर फिरून पोलादी दोर गुंडाळणारा रहाट. दोर ताणला, ट्रक वीतभर सरकला, आणि विंच गप्प. बटण दाबून शिवराजचा अंगठा लाल झाला, पण विंच हूं नाही की चूं नाही.

"हटो, हटो," करत निम्मकायबाबा पुढे आले. तेलुगूत निम्मकाय म्हणजे लिंबू, आणि बाबांच्या झोळीत दुसरं काही नसायचंच.

"शिवराज, गाडीच्या अंगात अम्मा आयी है. खरकटी भांडी ओढायला लावतो तिला? कोपणारच ना. पहले देगां उतारो."

भक्तांनी भराभरा देगा उतरवल्या. बाबांनी डावा तळहात विंचजवळच्या काळ्या डबीवर ठेवला, डोळे मिटले आणि उजव्या हातानं बॉनेटवरून लिंबू उतरवायला लागले. पाच फेरे झपाझप झाले. सहावा रेंगाळला. सातवा तर इतका हळू, की लिंबू झोपलंय की काय असं वाटावं. मग एकदम डोळे उघडले.

"अम्मा शांत. दबाओ बटण."

विंच घरघरला, ट्रक सुळकन वर आला. बायकांनी जीपला हळद लावली. कुणीतरी टायरच्या पाया पडलं.

"अम्माला ही गाडी मठात होना," बाबांनी शिवराजच्या कानात सांगितलं, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. "इतवार को चावी माझ्या हातात दे. नाहीतर ती घरातलं माणूस मागेल."

शिवराजनं वळून लेकीकडं पाहिलं. दहावीतली ईशा सायकलवर एक पाय टेकून उभी होती, आणि तिचा चेहरा पडला होता. कारण ती काळी डबी तिनंच बसवली होती.

गेल्या महिन्यात जास्त वजन ओढताना विंचची मोटर जळाली. तेव्हा ईशानंच शोधून काढलं, की बॅटरी आणि मोटरच्या मध्ये एक ब्रेकर बसवतात; भार फार झाला की तो वीज तोडतो आणि मोटर वाचते. राणीगंजच्या दुकानात जाऊन तिनं तो आणला आणि स्वतः पाने घेऊन बसवला. पंधरा दिवस कॉलनीत ती इंजिनिअरच्या चालीनं चालत होती. तेवढ्यात हे.

विंच का थांबला, ते तिला कळत होतं. पण ब्रेकर पडला तर हातानं पुन्हा लावावा लागतो, असं तिनं वाचलं होतं. हा आपोआप कसा लागला? डबीला बटणच नव्हतं. मग काय लिंबानं लावला?

उत्तर शनिवारी सकाळी आईच्या इस्त्रीनं दिलं. सुशीलाबाई शाळेचा ड्रेस इस्त्री करत होत्या. टक. इस्त्रीचा लाल दिवा गेला. जरा वेळानं पुन्हा टक. दिवा आला.

"आई, ही आपली आपण लागते?"

"तापली की बंद, निवली की चालू. इतकी वर्षं काय बघत होतीस?"

ईशा चप्पल न घालताच पळाली, आणि चप्पल घालायला परत आली.

राणीगंजचे चाचा चष्म्यावरून तिच्याकडं बघत हसले. "तुमेच तो बोले थे बेटा. मैं पूछा, आटो होना कि मैनुअल? तुमे बोले, मैनुअल नक्को, मेरेकू लगाना आता."

ईशाचे कान तापले. चाचा हातानं लावायच्या ब्रेकरचं विचारत होते; मॅन्युअल म्हणजे माहितीचं पुस्तक, असं समजून तिनं ऐटीत नकार दिला होता.

"चाचा, आज मॅन्युअल दो. और वो पुस्तक भी दो."

घरी येऊन तिनं पप्पांना सगळं सांगितलं. शिवराजनं ऐकलं, पण मान हलवली. "तुझं खरं असेल गं. पण बाबा घरातलं माणूस म्हणाले. जीप गेली तर मी कुणाचीतरी गाडी चालवीन. तू..." त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बरं. निदान डबी तरी बदलू दे."

"बदल. जायचीच आहे तर धड होऊन जाऊ दे."

रविवारी मैदानात मांडव. बाबांना चावी घेण्याआधी महिमा दाखवायचा होता. मैदानाच्या कडेला हत्तीच्या पिल्लाएवढा दगड होता, त्याला साखळी बांधून विंचचा दोर अडकवला. शिवराजनं बटण दाबलं. दोर ताठला, मोटर कण्हली. टक. सगळं बंद.

"आ गयी अम्मा." बाबांचा तळहात डबीवर, लिंबू हवेत. पाच फेरे. सहावा. सातवा. बाबा कान देऊन थांबले. आठवा, नववा. चौदाव्याला कपाळावर घाम. एकविसाव्याला लिंबू हातातून निसटून शिवराजच्या पायाशी गेलं.

"बाबा, टक ऐकू येईना का?" ईशानं विचारलं.

"काय टक?"

"ज्याची तुम्ही वाट बघताय ते."

तिनं आईची इस्त्री मांडवातल्या बोर्डाला लावली, वर माइक धरला. सगळ्या मैदानाला टक ऐकू आलं. दिवा गेला. "आत दोन धातूंची पट्टी असते. तापली की वाकते आणि वीज तोडते. निवली की सरळ होते, टक वाजतं, वीज परत. जीपच्या जुन्या डबीत हेच होतं. बाबा डबीवर हात ठेवून ते टक होईपर्यंत लिंबू फिरवत राहिले. आणि चाळीस देगा उतरवल्यावर ट्रक हलणारच की. नवी डबी स्वतःहून लागत नाही. तिला हात लागतो, आणि तो कुणाचाही चालतो."

तिनं दगडाच्या साखळीला एक कप्पी अडकवली, दोर तिच्यातून फिरवून जीपच्या हुकाला परत आणला. "आता भार दोन पदरांत वाटला गेला. दोरावर निम्माच." सगळ्यांना मागे उभं केलं आणि डबीचा पडलेला खटका वर केला. "पप्पा, दाबा."

शिवराजचा अंगठा क्षणभर थांबला. मग त्यानं दाबलं. दगड कुरकुरत, आज्ञाधारकपणे सरकला.

शेजारच्या कुसुमताई एवढा वेळ बाबांकडं डोळे बारीक करून बघत होत्या. "अगं बाई, हा तर कूलर दुरुस्तीवाला. आमचा पंप घेऊन गेलाय, दोन उन्हाळे झाले."

मग अम्मा शांत झाली की नाही ते माहीत नाही. बाबा मात्र मांडवाच्या मागून शांतपणे गेले, झोळी विसरून. त्या लिंबांचं सगळ्या मैदानाला सरबत झालं.

यंत्र थांबतं तेव्हा ते काहीतरी सांगत असतं: भार जास्त झाला, तार सैल झाली, जरा निवू दे. ते ऐकायला सिद्धी लागत नाही. कान लागतात, आणि न कळलेलं विचारायची लाज सोडावी लागते. ईशानं दुकानात "मॅन्युअल म्हणजे काय?" एवढं विचारलं असतं, तर बाबांना देवी सापडलीच नसती. आपण विचारायचं सोडतो, तिथंच कुणीतरी लिंबू घेऊन उभा राहतो. म्हणून विचारा. चावी कुणाच्या हातात ठेवण्याआधी तर नक्कीच विचारा.

संध्याकाळी शिवराजनं जीपची चावी खिळ्याला अडकवली, नेहमीच्याच. मग पुस्तक उघडून ईशासमोर ठेवलं.

"वाच. पहिल्या पानापासून. मी ऐकतो."