बॅटरीची काळी वायर

बाबांनी उभा जन्म गाड्यांच्या वायरिंगमध्ये घालवला. गल्लीत त्यांना अजून फ्यूजवाले म्हणतात. गेल्या महिन्यात मात्र ते रोजच्या चौकात रस्ता चुकले आणि एकेरी रस्त्यावर उलटे घुसले. कुणाला खरचटलं नाही, हे नशीब. आता "गाडी चालवू नका" हे त्यांना सांगायचं कुणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली तेव्हा धाकटा फोनवर नुसता "हं, हं" करत राहिला आणि आईने तोंडाला कुलूप लावलं. उरली थोरली.

थोरलीनेही सांगितलं नाहीच. सकाळी कामावर जाण्याआधी तिने गुपचूप बॉनेट उघडलं, बॅटरीची काळी वायर काढली, तिचं टोक फडक्यात गुंडाळून गाठ मारली आणि बाजूला सारलं. हे बाबांनीच तिला लहानपणी शिकवलेलं. बाबांची कंबर धरलेली, बॉनेट काही ते उचलणार नाहीत, असा तिचा हिशेब होता. साप मरावा आणि काठीही मोडू नये. वायरमनपासून वायर लपवायला निघाली होती शहाणी!

संध्याकाळी परतली तर फाटकाच्या आत गाडी चालू. इंजिन धडधडत होतं, मध्येच गचका खात होतं आणि बाबा स्टीअरिंगमागे शांत बसले होते.

"बाबा, कुठे निघालात?"

"कुठे नाही. बस शेजारी. एसीला हात लावू नकोस."

ती बसली. समोरचं घड्याळ शून्यावर आलं होतं.

"बॅटरी सुटली होती," बाबा म्हणाले. "वायर काढली की इंजिनचा कंप्युटर शिकलेलं विसरतो. उभ्या गाडीला हवा किती, पेट्रोल किती, सगळं. मग ती अशी अडखळते, बंदही पडते. घाई करायची नाही. तापू द्यायची, आपली आपण शिकते."

हळूहळू धडधड ओसरली आणि आवाज एकसारखा झाला. बाबांनी मान डोलावली आणि इंजिन बंद केलं.

"वायर मीच काढली असणार," ते म्हणाले.

थोरलीने वळून पाहिलं.

"फडक्याची गाठ माझीच आहे. तशी गाठ मी मारतो, नाहीतर तू. आणि तू काढली असतीस तर मला सांगितलं असतंस." त्यांनी चावी काढून हातात धरली. "दुपारपासून डोकं खाजवतोय. कधी काढली, कशासाठी काढली, काही म्हणजे काही आठवत नाही. चौकातलं ठीक होतं गं, माणूस चुकतो रस्ता. पण हाताने केलेलं काम विसरायला लागलो, तर मी गाडी चालवू नये. ही ठेव तुझ्याकडे."

तिला हवं होतं ते अगदी तसंच झालं होतं. खरं तिच्या जिभेवर आलं. ते सांगितलं असतं तर बाबा आधी भडकले असते, मग खुलले असते, आणि चावी परत त्यांच्या खिशात गेली असती. तिला स्वतःची लाज वाटली.

"खरंच आठवत नाही गं," बाबा पुन्हा म्हणाले. त्यांचा आवाज घाबरलेला होता.

थोरलीने चावी घेतली.

"होतं असं, बाबा," ती म्हणाली. "वयच आहे."