सुकेशनीचा थांबलेला डबा

मित्रांनो, मी बजाजनगरातला एक जुना लॅपटॉप. एके काळी ऑफिसात माझा काय तोरा होता! आता बॅटरी मेलीय. वायर निघाली की मी आडवा. कंपनीत शिफ्ट करणाऱ्या धम्मपालनं मला त्याच्या बहिणीसाठी, सुकेशनीसाठी, जुन्यात घेतलं.

ही पोरगी माझ्याकडून काय काय करून घेते, विचारू नका. प्रोग्राम कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखाच चालावा म्हणून त्याला लागणारं सगळं सामान एका कंटेनरमध्ये भरतात. ती त्याला डबा म्हणते. तो लावताना माझा पंखा नुसता घरघरत होता, तरी लावला. मग ती त्या डब्यातच प्रोग्राम लिहीत राहिली. बाहेर एक प्रत ठेवायची, तेवढं मात्र राहिलं.

आज संध्याकाळी पुण्याची कंपनी तो प्रोग्राम बघणार होती. आवडला तर नोकरी. आणि भर दुपारी लाईट गेली!

लाईट आल्यावर तिनं मला सुरू केलं, पण घाईत जुना डबा चालू करायच्या ऐवजी नवाच उघडला. तो रिकामाच असणार ना! तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

"दादा, समदं गेलं."

शिफ्टवरून आलेला धम्मपाल बूटही न काढता शेजारी बसला. "रडू नको. जुना कचरा साफ कर, जागा व्हईल, अन् लाग पुन्हा लिहायला."

अहो, कचरा कसला! तिचा डबा माझ्याच पोटात होता, नुसता थांबलेला, एकेका ओळीसकट. पण मला तोंड कुठंय? तिनं साफसफाईचा हुकूम टाइप केला. असा हुकूम आला की मी फक्त एकदा विचारतो. माझ्या इंग्रजीत विचारलं : थांबलेले सगळे कंटेनर कायमचे पुसले जातील. नक्की?

"दाब की हो," धम्मपाल म्हणाला. "येळ नाय."

तिचं बोट बटणावर टेकलं. माझा जीव टांगणीला लागला. आजवर लोकांनी मला न वाचताच 'हो' म्हटलंय.

बोट थबकलं. "दादा, ह्यो थांबलेले म्हणतोय. गेलेले नाय म्हणत."

तिनं 'नाही' दाबलं. थांबलेला डबा शोधला, चालू केला. सगळं जिथल्या तिथं! आधी तिनं प्रत बाहेर काढली, मग ओढणीनं डोळे पुसले. संध्याकाळी प्रोग्राम पुण्यात चालला. नोकरीचं अजून कळायचंय.

मित्रांनो, कामाची एक प्रत बाहेर ठेवत जा. आणि आम्ही यंत्रं काही विचारतो तेव्हा, बाबांनो, वाचा तरी! आम्हाला तेवढंच बोलता येतं.