'मिनर्व्हा'ची होडी

ग्लॉस्टर बंदराची रीतच अशी, की आपल्या जहाजाचं चित्र ताब्यात घेण्याआधी कप्तान आपल्या बरोबरीच्या कप्तानांना घेऊन येतो आणि दोर न् दोर तपासतो. आभाळ कसंही चालतं, पण जहाजात खोट निघाली की चित्रकाराची बिनपाण्याने होते. चित्रकार लेम्युएल त्याच दिवसाची वाट बघत होता.

त्याचा धाकटा भाऊ जोथम 'मिनर्व्हा'वरून समुद्रात पडला होता. कप्तान बार्झिलाय स्ट्राउडने बोस्टनचा बाजार गाठायच्या घाईत त्याला वाचवायला होडीच सोडली नाही, असं एक खलाशी पुढे दारूत बरळला. कप्तानाने मात्र आईचे हात धरून सांगितलं होतं, "मेहिटेबलबाई, होडी आधीच्या वादळात वाहून गेली हो. नाहीतर पोराला सोडलं असतं का?" आई त्या माणसासाठी दर रविवारी प्रार्थना करायची आणि लेम्युएलचं रक्त उकळायचं.

मग स्ट्राउडनेच लेम्युएलला चित्र काढायला सांगितलं. गजबजलेलं बोस्टन बंदर आणि मधोमध जोथम गेला त्या फेरीहून परतलेली 'मिनर्व्हा'. लेम्युएलने सगळं काढलं. जोथमसाठी अर्ध्यावर उतरवलेला झेंडासुद्धा. फक्त जहाजाच्या मागच्या टोकाला टांगलेली होडी काढली नाही.

आज स्ट्राउड म्हातारा कप्तान पेनिमनला घेऊन आला. आई कॉफी ओतत होती.

"शिडं झकास," स्ट्राउड म्हणाला. "आणि हे काय रे? होडी कुठाय?"

पेनिमन हसला. "पोराने तुझं जहाज नागवं केलं की."

"बोस्टनला पोचलात त्या सकाळी होडी नव्हती असं ऐकलं," लेम्युएल हळूच म्हणाला.

"कोण गाढव म्हणतो? माझ्या जहाजाचं मला शिकवतोस? तिथेच टांगलेली होती, नवीकोरी, पांढरी."

"तुम्हीच म्हणालात. माझ्या आईला."

आईने किटली खाली ठेवली. स्ट्राउडचा चेहरा पडला. तो टोपी उचलून निघाला, तसा पेनिमन दारात आडवा उभा राहिला. "थांब, बार्झिलाय. तुझंच चित्र आहे, पुरं होऊ दे."

"घाल ती होडी," आई म्हणाली. "यांच्यादेखत घाल."

लेम्युएलने पांढरा रंग घेतला आणि मुद्दाम सावकाश हात चालवला. इतकं गोड त्याला आजवर काही लागलं नव्हतं. स्ट्राउड घामाघूम होऊन बघत राहिला.

"किती माणसं बसतात हिच्यात?" आईने विचारलं.

पेनिमननेच सांगितलं, "आठ."

"मग माझा एक मावला असता," ती स्ट्राउडला म्हणाली.