हिरवी बनात

व्यंकटनं पिशवीतून तिन्ही फळ्या काढून जमिनीवर ओळीनं मांडल्या. हातभर लांबीचे प्लायवूडचे तुकडे, त्यांवर बोटभर जाडीचा फोम आणि फोमवर ताणून ठोकलेलं कापड. एकावर तांबडी मखमल, दुसऱ्यावर जाड लोकरी कापडाची हिरवी बनात, तिसऱ्यावर पाणी न धरणारं, गुळगुळीत, नव्या जातीचं निळं कापड. समोर त्याचा थोरला भाऊ पंढरी भिंतीला टेकून बसला होता. दोघं एका छपराखाली बसल्याला दहा वर्षं झाली होती.

"हाटेलाचे टेबल हायत," व्यंकट म्हणाला. "हैदराबादची ऑर्डर. कोणतं कापड लावावं, कळंना झालंय."

पंढरीनं बनातीवरून तळहात फिरवला. मग उलट दिशेनं फिरवला. बोटाच्या टोकानं फोम दाबून पाहिला आणि हात मागं घेतला.

"पत्त्याचे टेबल हायत हे."

व्यंकटनं मान खाली घातली. देगलूरहून नांदेड, नांदेडहून मुदखेड, दोन एसट्यांमध्ये त्यानं ते हॉटेलाचं वाक्य घोकत आणलं होतं.

हैदराबादच्या एका क्लबाला पोकरचे सहा अष्टकोनी टेबल हवे होते. व्यंकटच्या कारखान्याला एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. नमुन्याचा टेबल त्यानं मखमल लावून पाठवला, तर आठ दिवसांत तो परत आला. पत्ते कापडाला अडकतात, ज्याला खेळ कळतो अशा माणसाला विचारून कापड निवडा, असा निरोप सोबत होता. देगलूरात खेळणारे कमी नव्हते. पण व्यंकट सुताराला पत्त्यांच्या आसपास गावानं कधी पाहिलं नव्हतं, आणि ते नाव त्याला जपायचं होतं.

ते नाव त्याला मिळालं होतं आईच्या मयतीच्या दिवशी. त्याआधी पंढरीनं बापाची हत्यारांची पेटी, रंधे, पटाशा, करवती, सगळी पत्त्यांच्या एका बैठकीत घालवली होती, आणि पंधरा दिवसांत आई गेली. तिरडी उचलताना पंढरी पुढं झाला, तसा व्यंकटनं त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला थांबवलं. जुगाऱ्याचा खांदा आईला नको, असं तो सगळ्या गावासमोर म्हणाला. म्हातारी माणसंही गप्प राहिली. पंढरी सगळ्यांच्या मागून, अंतर ठेवून, स्मशानापर्यंत चालत गेला. पुढच्या महिन्यात तो बायकोला घेऊन मुदखेडला आला आणि आरा मशीनवर कामाला लागला. त्यानंतर त्यानं पत्त्याला हात लावला नाही, असं पाहुण्यांकडून व्यंकटच्या कानावर येत होतं. त्याला ते कधी खरं वाटलं नव्हतं.

आता त्यानं खिशातून पत्त्यांचा कोरा गड्डा काढला, वरचा चकचकीत कागद नखानं फाडला आणि गड्डा फळ्यांशेजारी ठेवला.

पंढरीनं दाराकडं पाहिलं. खांद्यावरच्या पंच्यानं दोन्ही हात पुसले, ते कोरडेच होते तरी.

"म्या सोडलंय ते," तो म्हणाला. "तुला ठाव न्हाई का?"

"खेळायचं कुठं हाय? नुसतं वाटून बघ. एकदाच, दादा."

दहा वर्षांत त्यानं दादा म्हटलं नव्हतं. तोंडातून शब्द निघाला आणि त्यालाच तो ओळखीचा वाटला नाही. पंढरी त्याच्याकडं बघत राहिला. मग त्यानं गड्डा उचलला.

पिसताना पहिल्यांदा चार पत्ते खाली सांडले. दुसऱ्यांदा सांडले नाहीत. त्यानं मखमलीवर पत्ता टाकला, तो मध्येच अडकला. निळ्या कापडावरचा पत्ता सरळ घसरत फळीबाहेर गेला. बनातीवर टाकलेला पत्ता मात्र अलगद सरकला आणि कडेच्या चार बोटं अलीकडं थांबला. पंढरीनं बोटानं फोम दाबून पत्त्याची कड उचलून दाखवली. पत्ता उचलायला नख लावावं लागलं तर खेळणारा वैतागतो, वाटलेला पत्ता ज्याचा त्याच्या पुढ्यात थांबला पाहिजे, आणि सगळ्या टेबलांवर कापडाची लव एकाच अंगाला ठेव, असं तो सांगत गेला. व्यंकट एका कागदावर सगळं लिहून घेत होता.

तेवढ्यात दारात सावली पडली. पंढरीची बायको केवळाबाई अंगणवाडीतून परत आली होती.

तिनं आधी फळ्या पाहिल्या, मग जमिनीवरचे पत्ते, मग नवऱ्याच्या हातातला गड्डा. व्यंकटच्या तोंडाकडं तिनं पाहिलंच नाही.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

पंढरीनं गड्डा खाली ठेवला. त्यानं भावाकडं बोट दाखवलं नाही, नजरसुद्धा वळवली नाही.

"आजच," तो म्हणाला.

व्यंकटच्या हातात पेन होतं. एक वाक्य बोलायचं होतं, चार शब्दांचं. पण ते बोललं की टेबल कसले ते सांगावं लागणार, आणि ज्या भावाला आपण जुगारी म्हणून आईपासून दूर केलं त्याच्याकडं आपण आज कशासाठी आलो तेही. त्यानं पेनाचं टोपण लावलं. कागदाची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

केवळाबाईनं खाली बसून एकेक पत्ता गोळा केला. ती आत गेली, आणि थोड्या वेळानं चुलीतून जळक्या पुठ्ठ्याचा वास आला. मग तिनं हात धुतले आणि दोघांना ताटं वाढली. भाकरी, वरण, लसणाची चटणी. व्यंकटच्या घरच्यांची खुशाली तिनं विचारली, त्याच्या बायकोचं, नीलाबाईचं, गुडघ्याचं दुखणं कसं आहे तेही विचारलं. तो हाव, न्हाई एवढंच म्हणत राहिला. पंढरीनं जेवताना एकदाही वर पाहिलं नाही. आईच्या तेराव्यालाही तो असाच, पंगतीच्या टोकाला, मान खाली घालून जेवला होता, हे व्यंकटला आठवलं.

निघताना पंढरी फळ्या पिशवीत भरत आत राहिला. केवळाबाई ओट्यापर्यंत आली. व्यंकटनं चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या.

"वहिनी," तो म्हणाला, "ते पत्ते म्या आणलेते."

"ठाव हाय," ती म्हणाली. "वरचा कागद तुमच्या गुडघ्याखाली पडला होता. आल्या आल्या दिसला मला."

"मग बोलला का न्हाईत?"

ती अंगणाकडं बघत होती.

"ह्यांनी तुमचं झाकलं, भावजी. म्या कशाला उघडं करू?"

मागून पंढरी पिशवी घेऊन आला. लव एकाच अंगाला ठेव, इसरू नको, एवढं बोलून त्यानं ती व्यंकटच्या हातात दिली. व्यंकटला पाया पडायचं होतं. पिशवी हातात धरून तो वाकल्यासारखा झाला आणि तसाच रस्त्याला लागला.

पावणेदोन महिन्यांनी सहाही टेबल हैदराबादला गेले. जोडणीला व्यंकट स्वतः गेला होता. क्लबाच्या मालकानं एका टेबलावर पत्ता टाकून पाहिला, मग दुसऱ्यावर, मग सहाही टेबलांवर. खूश होऊन त्यानं विचारलं, की कापड कुणी निवडलं. व्यंकट म्हणाला, थोरल्या भावानं. मालक म्हणाला, असा जाणता माणूस आपल्याला पाहिजेच आहे, त्याला इथं घेऊन ये, बसून खाईल.

व्यंकट टेबलाखाली वाकून शेवटचा स्क्रू आवळत होता. तो उठून उभा राहिला.

"ते पत्ते खेळत न्हाईत," तो म्हणाला. मालकाला मराठी नीट कळलं नसेल असं वाटून त्यानं तेच हिंदीत, मोठ्यानं, पुन्हा सांगितलं. "मेरे बड़े भाई पत्ते नहीं खेलते."

दालनातले दोघे-तिघे वळून बघू लागले. खेळत नाही आणि एवढं कळतं, असं म्हणून मालक हसला, आणि मग तेही हसले. ते ऐकणाऱ्यांतला एकही देगलूरचा नव्हता.