डिकीतली हवा

दाढ काढून मी दुकानात परतलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. तोंडात कापसाचा बोळा, अर्धा गाल बधिर. डॉक्टरांनी बजावलं होतं, तासभर तोंड उघडायचं नाही. जावई हसले. म्हणाले, "मामा, आज दुकानात सुट्टीसारखं वाटतंय."

टायरचं दुकान आम्हा दोघांचं. पुढे लेकीच्या नवऱ्यानेच सांभाळायचं म्हणून मी त्यांना भागीदार करून घेतलं. हात चांगला आहे त्यांचा. फक्त कुणाला नाही म्हणणं जिवावर येतं, आणि जावयाचा कान धरून शिकवता येत नाही.

भिंतीला चार लोखंडी चाकं टेकवून ठेवली होती. ती जावयांच्या ताईच्या गाडीची. जावयांनी त्यांना वाढदिवसाची भेट म्हणून चकचकीत अलॉयची चाकं घेतली होती आणि आज सकाळीच बसवून दिली होती. ताई आईला घेऊन घाटाखाली मावशीकडे निघाल्या होत्या.

त्या गाडीच्या प्रत्येक चाकात हवेचा दाब सांगणारा सेन्सर असतो, टायरच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी. हवा उतरली की गाडीत समोर पिवळा दिवा लागतो. मी वाकून पाहिलं. जुन्या चाकांतले सेन्सर काढलेले होते. म्हणजे नव्या चाकांत गेले असणार. बरं झालं. पण बाकावर माझा पत्र्याचा डबा उघडा पडला होता. टायरमधून काढलेले जुने रबरी व्हॉल्व्ह मी त्यात टाकतो, आतल्या पितळेसाठी भंगारवाला नेतो. त्या सेन्सरला स्वतःची धातूची नळी असते. मग रबरी व्हॉल्व्ह कशाला लागले?

मी डब्याकडे बोट दाखवलं आणि हात उडवला.

"ते होय? सेन्सर नव्या चाकांत बसेनात, मामा. भोकाचा कोन वेगळा, बूड रिमला टेकायचं. दुसरे मागवायचे तर दोन दिवस. ताईला आजच जायचं होतं. मग साधे व्हॉल्व्ह लावले. नवे संपलेत, तुमच्या डब्यात चार बरे मिळाले."

मी बोटं मिटून उघडून खुणेने विचारलं, दिवा?

"दिवा नाही लागत!" त्यांचा चेहरा खुलला. "पाइपाचा तुकडा घेतला, चारही सेन्सर आत टाकले, दोन्ही तोंडं पक्की बंद केली आणि तेहेतीसची हवा भरली. डिकीत गालिच्याखाली ठेवलाय. गाडीला वाटतं चाकंच बोलतायत. अहो, दिवा दिसला की ताई घाबरते. वाटेत दहा फोन केले असते तिने."

मी बोळा थुंकला. "जावईबापू, तो दिवा घाबरवण्यासाठीच असतो."

डब्यातला एक व्हॉल्व्ह उचलून मी मानेजवळ वाकवला. रबराला चीर पडली. दुसरा वाकवला, तोही तसाच. चिरा पडल्या म्हणूनच तर ते काढले होते. जावयांच्या तोंडचं पाणी पळालं.

"किती वाजता निघाल्या?"

"दहाला."

घाट इथून दोन तासांवर. एकदा उतार लागला की तासभर फोन लागत नाही. भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस झाले होते.

पहिला फोन वाजून वाजून बंद झाला. दुसराही.

"आईंना लावा."

"आईचा फोन घरी चार्जिंगला असतो. कायमचा."

तिसऱ्यांदा ताईंनी उचलला. जावयांनी आवाज मोठा केला.

"ताई, कुठवर आलीस?"

"घाट आलाच. का रे?"

"काही नाही. जरा उतरून हवा बघतेस का?"

"उतरायला कशाला हवं? समोर दिसतेय की. चारही चाकांत तेहेतीस. आणि चाकं काय झकास आहेत रे, लोक वळून बघतायत."

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं... सावकाश जा," असं म्हणून ते फोन ठेवणार, तेवढ्यात मी हातातून ओढून घेतला.

"ताई, गाडी बाजूला घ्या. आत्ता."

"कोण, काका? आवाज काय झालाय तुमचा?"

मागून विहीणबाईंचा आवाज आला, "व्याह्यांनी सकाळीच घेतली की काय?"

"दाढ काढलीय, विहीणबाई. ताई, ते आकडे चाकांचे नाहीत."

"मग कुणाचे?"

"डिकीत एक पाइप आहे. त्यातल्या हवेचे. चाकांत किती आहे ते गाडीला ठाऊकच नाही."

"काका, काय बोलताय तुम्ही? समोर हिरवं दिस..."

आवाज तुटला. खरखर झाली आणि फोन कट झाला. पुन्हा लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

आम्ही दोघं फोनकडे बघत उभे राहिलो. त्यांनी ऐकलं की नाही? ऐकलं तर मानलं का? डोळ्यांसमोर हिरवे आकडे असताना कोण थांबेल? माझ्या तोंडात रक्त साचत होतं, ते गिळलं. जावई पाणी प्यायला गेले आणि भरलेला पेला तसाच घेऊन परत आले. एक गिऱ्हाईक हवा भरायला आलं, त्याला मी हातानेच परत पाठवलं.

अकरा मिनिटांनी फोन वाजला.

"चालत वर आलेय, रेंजसाठी," ताईंना धाप लागली होती. "डावं मागचं चाक. टायर खाली बसलाय. व्हॉल्व्हला नुसतं बोट लावलं तर फुस्स करतोय. पुढे उतार आहे, काका. आणि वळणाला कठडासुद्धा नाही."

"हात लावू नका. गाडीत बसू नका. आम्ही निघतो."

"हे कुणी केलं?"

दुकान माझंही आहे. 'आमच्याकडून चुकलं' असं म्हणायला मी तोंड उघडलं. जावयांनी पेला खाली ठेवला आणि फोनसाठी हात पुढे केला.

"ताई, मी केलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पाइप सांगितला, डब्यातले व्हॉल्व्ह सांगितले, मघाशी फोन ठेवायला निघालो होतो तेही सांगितलं. तुझ्याचसाठी केलं, असं एकदाही म्हणाले नाहीत.

"आई येतेय मागून चालत," ताई म्हणाल्या. "मी तिला काही सांगणार नाही. तूच सांग."

मी जॅक आणि हवेची टाकी टेम्पोत चढवली. नवे व्हॉल्व्ह आमच्याकडे नव्हते, आणि समोरच्या टायरवाल्याशी चार वर्षं बोलणं नव्हतं. रस्ता ओलांडून गेलो, चार मागितले. त्याने कशाला म्हणून विचारलं. मी सुजलेला गाल दाखवला. त्याने पुडी हातात ठेवली.

परत आलो तेव्हा जावई टेम्पोत बसले होते, फोन कानाला, मान खाली. गाडी सुरू करून मी हमरस्त्याला लागलो, पहिला सिग्नल गेला, दुसरा गेला. तोवर ते फक्त "हो आई" एवढंच म्हणत होते.